ग्लेनाकीनमधली अर्धी खोली

"गाडी थांबव," आई म्हणाली, आणि मी ब्रेक दाबायच्या आत तिनं दार उघडलं.

एकच गाडी जाईल एवढा रस्ता, मधोमध गवत उगवलेलं. कुंपणाला धरून ती ओकत होती. पोटात काही नव्हतंच. सकाळपासून दोन घोट चहा, तोही पडला. मी मागून तिला धरलं, तर हाताला एकेक बरगडी लागली.

"पुरे आता, आई. घरी जाऊ."

"कुठल्या घरी?"

"स्लायगोला. माझ्या खोलीवर."

पदरानं तोंड पुसत तिनं समोरच्या डोंगराकडे पाहिलं. ऑक्टोबर होता. डोंगर तपकिरी झाला होता, वरचा अर्धा भाग ढगात.

"आज शुक्रवार ना? रविवारी विमान. म्हणजे आज आणि उद्या. बस गाडीत."

मी तेव्हा आयर्लंडमध्ये स्लायगोच्या एका हॉस्पिटलात नर्स होते. तिथं जाऊन तीन वर्षं झाली होती. आई कधी येईल असं वाटलं नव्हतं. त्या देशाचं नाव काढलं तरी ती उठून आत जायची. आणि मग २०१२ च्या सप्टेंबरात तिनं स्वतःच फोन केला. "व्हिसाचं बघ, मी येते." विमानतळावर तिला पाहताच मला कळलं. डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा पिवळा झाला होता. बॅगेत कपड्यांच्या खाली नाशिकच्या डॉक्टरांचे रिपोर्ट निघाले. पोटात सुरू झालेला कॅन्सर यकृतापर्यंत गेला होता. तिला दोन महिने आधीपासून माहीत होतं.

"मग इथं कशाला आलीस?" मी रडत विचारलं होतं.

"त्या माणसाचं घर शोधायचंय," ती म्हणाली.

तो माणूस म्हणजे तिचा बाप, मॅलकी मल्व्ही. इगतपुरीच्या लोको शेडमध्ये फोरमन होता. रेल्वेच्या दवाखान्यात आया असलेल्या मंजुळा पगारेशी, म्हणजे माझ्या आजीशी, त्यानं चर्चमध्ये रीतसर लग्न केलं. मुलगी झाली. त्याच्या आईचं नाव ठेवलं, ब्रिजिट. अठ्ठेचाळीस साली तो मायदेशी, आयर्लंडला, निघाला. सहा महिन्यांत दोघींना बोलावून घेतो म्हणाला आणि परत त्याचं पत्रसुद्धा आलं नाही. पुढच्या वर्षी आजी विषमज्वरानं गेली. सहा वर्षांच्या पोरीला आजीच्या भावानं, दानूमामानं, उचलून घरी नेलं. ब्रिजिटची विजया झाली. दानूमामा स्टेशनवर बुकिंग क्लार्क होता. त्याला मूलबाळ नव्हतं. त्यानं आईला जीव लावला, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं.

पण इगतपुरीचे लोक विसरले नाहीत. आईचे डोळे हिरवे होते. "गोऱ्याची टाकलेली," बायका म्हणायच्या, तिला ऐकू जाईल असं. दोन स्थळं त्यावरून मोडली. माझे वडील चांगले होते, पण चिडले की त्यांच्या तोंडातूनही तेच निघायचं.

"सापडलं घर, तर काय करणार आहेस?" मी विचारलं होतं. "तो कधीच मेला असेल."

"असू दे. दाराशी उभी राहून विचारीन. काय कमी होतं माझ्यात, की तू मागे वळून बघितलं नाहीस? एवढंच. मग मरायला मोकळी."

आमच्याकडे होता फक्त बाप्तिस्म्याचा दाखला. त्यावर बापाच्या नावापुढे लिहिलेलं, "मूळ गाव ग्लेनाकीन, काउंटी लेट्रिम". ग्लेनाकीन नावाची पाटी कुठं नव्हती. पोस्टातल्या बाईला माहीत नव्हतं. दोन दिवस आम्ही त्या डोंगराच्या पायथ्याला फिरत होतो. तिसऱ्या दिवशी एका पाद्र्यानं नकाशावर बोटानं एक भाग दाखवला. "हे सगळं ग्लेनाकीन. पण तिथं आता झाडंच आहेत."

आई ओकली त्या जागेपासून अर्ध्या मैलावर एक माणूस तारेचं कुंपण ठोकत होता. साठीचा, लाल चेहऱ्याचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मी काच खाली केली.

"मल्व्हींचं घर शोधतोय आम्ही. मॅलकी मल्व्ही."

त्यानं हातोडी खाली केली. "कशासाठी?"

"नातेवाईक आहोत."

तो माझ्या चेहऱ्याकडे बघून किंचित हसला. "मी ओवेन मल्व्ही. मॅलकी माझा काका. मला माहीत नसलेले कोणते नातेवाईक तुम्ही?"

मी आईकडे वळले. "आई, हा त्यांचा पुतण्या आहे."

आई दार उघडून उतरली. साडीवर माझा जाड कोट, पायात लोकरी मोजे आणि चपला. गाडीला टेकून उभी राहिली. "सांग त्याला. म्हणावं, ही मॅलकीची मुलगी."

मी सांगितलं. ओवेनचा चेहरा कठीण झाला.

"हे बघा बाई, कोणी तुम्हाला काय सांगितलं मला ठाऊक नाही. जमिनीसाठी आला असाल तर जमीन राहिलेली नाही. आणि मॅलकीची मुलगी लहानपणीच वारली. हिंदुस्थानात. आईच्या पाठोपाठ. चर्चच्या आवारात मॅलकीच्या कबरीच्या दगडावर दोघींची नावं आहेत. स्वतः जाऊन बघा."

"काय म्हणतो?" आईनं विचारलं.

मी गाडीचं इंजिन बंद केलं.

"सुवार्ता, काय म्हणतो तो?"

"म्हणतो... मॅलकीची मुलगी मेली. लहानपणीच. तसं दगडावर कोरलंय."

आईनं गाडीत वाकून पर्स काढली आणि दाखला त्याच्या पुढे धरला. त्यानं तो वाचला. मग पहिल्यांदाच त्यानं तिच्या हिरव्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. मग टोपी काढली.

"चहा घ्यायला चला," तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता.

त्याचं स्वयंपाकघर उबदार होतं, लोखंडी शेगडीत पीट, दलदलीतली वाळवलेली माती, जळत होतं. तो एकटाच राहायचा. आईला त्यानं शेगडीजवळच्या खुर्चीत बसवलं, पायांवर स्वतःचं ब्लँकेट टाकलं. मग जिन्याखालून बिस्किटांचा एक जुना डबा आणला.

"मॅलकी त्र्याऐंशी साली गेला. त्याच्या उशाशी एवढंच होतं."

डब्यात जपमाळ होती, रेल्वेचं पितळी बटण होतं, एक फोटो होता. मंजुळाआजीच्या मांडीवर आई, दोन वर्षांची असेल. आणि एक पत्र. घड्यांवर फाटत आलेलं.

"तू वाच," ओवेन मला म्हणाला. "मी ते शंभरदा ऐकलंय."

इंग्रजी होतं. तिरकं, सुबक अक्षर. इगतपुरी, १२ ऑक्टोबर १९४९.

"आदरणीय मिस्टर मल्व्ही, आपली पत्रं पोहोचली. कळवताना अत्यंत दुःख होतं की माझी बहीण मंजुळा १९ सप्टेंबर रोजी विषमज्वरानं निवर्तली. त्यानंतर आठव्या दिवशी आपली कन्या ब्रिजिट हिलाही देवानं नेलं. दोघींना एकाच ठिकाणी मूठमाती दिली आहे. आपण बोटीची जी दोन तिकिटं पाठवली होती ती सोबत परत करीत आहे. आपण आता इकडे येण्याचे कष्ट घेऊ नयेत. येथे आपलं कोणी उरलेलं नाही."

पान उलटलं. मागे सही होती. डी. पगारे.

शेगडीत काहीतरी तडतडलं. दानूमामा मी पाहिला होता. माझ्या शाळेच्या पहिल्या दिवशी माझा हात धरून फाटकापर्यंत आला होता. त्याच्या शेवटच्या आजारात आईनं तीन महिने त्याची बेडपॅन उचलली होती.

"काय लिहिलंय?" आईनं विचारलं.

"बातमी... आजी गेल्याची. आणि तू गेल्याची. चुकून. कोणीतरी चुकीचं कळवलं त्यांना."

"कोणी?"

"स्टेशनमास्तरनं," मी म्हणाले. कसं सुचलं कोण जाणे.

आईनं हात पुढे केला. मी सहीची बाजू खाली ठेवून पत्र तिच्या हातात दिलं. तिनं ते लांब धरलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि चष्माही गाडीत राहिला होता. अर्धं मिनिट नुसती बघत होती. मग घडी घालून मला परत केलं.

"घर दाखव म्हणावं," ती म्हणाली.

ओवेननं खिडकीबाहेर पाहिलं. घर झाडीत होतं, चालत वीस मिनिटांवर, चिखलातून. "हिला जमायचं नाही. तू एकटी चल."

मी आईला तेच सांगितलं. आई उठून उभी राहिली. "मी एवढ्या लांब फोटो बघायला आलेय का?"

शेवटी ओवेननं ट्रॅक्टर काढला. मागे लोखंडी पेटी लावलेली असते, मेंढ्यांचं खाद्य न्यायची. त्यात पोती अंथरून आईला बसवलं. मी तिच्यामागे, तिला दोन्ही हातांनी कवटाळून. शेताच्या कडेला झाडांची भिंत उभी होती. सूचिपर्णी झाडं, एकसारखी, रांगेत लावलेली, इतकी दाट की आत शिरताच दिवस विझल्यासारखा झाला. खाली गवताचं पातं नाही. नुसता तपकिरी काड्यांचा थर. प्रत्येक खड्ड्याला आई ओठ दाबून धरायची. कण्हली नाही.

"म्हातारपणी मॅलकीनं सगळी जमीन झाडं लावणाऱ्यांना देऊन टाकली," ओवेन इंजिनाच्या आवाजावरून ओरडून सांगत होता. "मागे कोणासाठी ठेवू, म्हणायचा."

मग त्यानं इंजिन बंद केलं.

झाडांच्या मधोमध घर होतं. छप्पर पडलेलं, दगडी भिंती हिरव्या शेवाळानं मढलेल्या. चुलाण्याच्या जागी एक झाड वाढून वर गेलं होतं. दाराला चौकट नव्हती. आई माझा हात सोडून त्या दारापर्यंत गेली आणि उंबऱ्याच्या दगडापाशी थांबली. मला वाटलं, आता विचारेल. साठ वर्षं जपलेला प्रश्न आता विचारेल.

तिनं विचारलं नाही. घराच्या उजव्या अंगाला भिंतीला लागून आणखी एक चौक होता. कंबरेइतक्या उंचीच्या भिंती, वर काहीच नाही. पडलेल्या वाटत नव्हत्या, कारण वरचे दगड एका पातळीत होते. बाजूला घडवलेल्या दगडांचा ढीग होता, त्यातून मुळं वर आलेली.

"हे काय?" तिनं विचारलं.

मी ओवेनला विचारलं. तो टोपी हातात घेऊन उभा होता. माझ्याकडे न बघता बोलला.

"ती खोली तिच्यासाठी होती. माझी आई सांगायची. जुन्या घरात ओल फार, हिंदुस्थानातून येणाऱ्या पोरीला सोसणार नाही म्हणून मॅलकीनं वेगळी खोली काढली. खाली लाकडी जमीन घालणार होता. दिवसभर दुसऱ्यांच्या शेतात राबायचा आणि संध्याकाळी इथं दगड लावायचा. मग ते पत्र आलं. त्यानं थापी खाली ठेवली आणि त्यानंतर एक दगड लावला नाही. पाडलीही नाही. चौतीस वर्षं या भिंतींच्या शेजारी राहिला. दुसरं लग्न केलं नाही. दर नोव्हेंबरात, मेलेल्यांच्या महिन्यात, चर्चमध्ये तिच्या नावानं मिस्सा, प्रार्थना, करवून घ्यायचा."

मी आईला सगळं सांगितलं. शब्द न शब्द. इथं लपवण्यासारखं काही नव्हतं, असं मला वाटलं.

ती भिंतीला धरून आत गेली, जिथून दार झालं असतं तिथून. त्या चौकात उभी राहिली. बारीक, पिवळी, माझ्या कोटात हरवलेली. आणि मग ओरडली.

"पप्पा!"

तिच्या तोंडून हा शब्द मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"पप्पा, मी हाय! मी जित्ती हाय! मी मेले नव्हते, पप्पा!"

लहानपणीची, रेल्वे चाळीतली बोली. एरवी ती तशी बोलत नसे. त्या झाडीत आवाज घुमतही नाही. चार पावलांवर विरून जातो. ती पुन्हा ओरडली. पुन्हा. तिचा आवाज फाटला तरी थांबेना. ओवेन पाठ फिरवून उभा राहिला. मी धावत जाऊन तिला धरलं, तर ती गुडघ्यांवर बसली आणि मलाही खाली ओढलं.

"आई, शांत हो. चूक झाली गं कोणाची तरी. त्या स्टेशनमास्तरची..."

"खोटं नको बोलूस." तिनं माझं मनगट धरलं. एवढी ताकद कुठून आली कळलं नाही. "माझ्या शाळेच्या अर्जावर तेच तिरकं इंग्रजी अक्षर. माझ्या लग्नाच्या याद्यांवर तेच. तुझ्या बारशाच्या पत्रिकांवर तेच. सही वाचायची गरज काय मला?"

मी तिला जवळ ओढलं.

"मरताना माझा हात सोडत नव्हता मामा. 'विजू, मला माफ कर,' सारखं तेच. मला वाटलं, लग्नात हातात सोन्याच्या बांगड्या घालू शकला नाही म्हणून म्हणतोय. मी म्हटलं, मामा, मला सगळं मिळालं." ती दम घ्यायला थांबली. "आता मी कोणाचा राग करू, सुवार्ता? साठ वर्षं याचा केला. आता महिना राहिलाय. महिन्याभरात त्याचा कसा करू?"

 

ओवेन जवळ आला. हळूच म्हणाला, "तिला सांग, मी दगड घडवणाऱ्याला बोलावतो. चर्चमधल्या दगडावरून तिचं नाव काढायला लावतो. जिवंत माणसाचं नाव तिथं नको."

मी आईला सांगितलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या लाल, रडलेल्या चेहऱ्याकडे.

"म्हणावं, राहू दे. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

"काय म्हणाली?" ओवेननं विचारलं.

"तुमचे आभार मानतेय," मी म्हणाले.

रविवारी मी तिच्यासोबतच विमानात बसले. रजा मंजूर झाली नव्हती. तरी बसले. इगतपुरीला पोहोचल्यावर आठवडाभर ती अंथरुणातून उठली नाही. पत्र ओवेननं आम्हाला देऊन टाकलं होतं. ते तिच्या उशाखाली असायचं, पण त्याबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती. दानूमामाचा फोटो भिंतीवर होता. तो काढ असंही म्हणाली नाही.

नवव्या दिवशी सकाळी म्हणाली, "रिक्षा बोलव."

ख्रिस्ती कबरस्तान टेकडीच्या उताराला आहे. रिक्षावाल्यानं आणि मी तिला खुर्चीवर बसवून आत नेलं. मंजुळाआजीची कबर, तिच्या शेजारी दानूमामाची. दानियल रघुनाथ पगारे. आईनंच सिमेंटचा क्रूस बसवून घेतला होता. रिक्षावाल्याला तिनं बाहेर थांबायला सांगितलं आणि माझ्या हातात पत्र दिलं.

"वाच. मराठीतून. मोठ्यानं."

"आई, कशाला..."

"त्याला ऐकू दे."

मी वाचलं. काही गाळलं नाही. 'आठव्या दिवशी आपली कन्या ब्रिजिट हिलाही देवानं नेलं' इथं मी थांबले. आई म्हणाली, "पुढं." मी पुढं वाचलं. तिकिटं परत केल्याचं, कष्ट घेऊ नका म्हटल्याचं, इथं आपलं कोणी उरलेलं नाही म्हटल्याचं.

"आता खोलीचं सांग."

मी त्या सिमेंटच्या क्रूसाला खोलीचं सांगितलं. कंबरेइतक्या भिंती, घडवून ठेवलेले दगड, लाकडी जमीन घालायची होती ते. सांगताना मला वेड लागल्यासारखं वाटत होतं.

माझं सांगून झालं तशी आई खुर्चीवरून खाली घसरली. कबरीवर तळहात आपटू लागली. एकदा, दोनदा, मग थांबेचना. सिमेंट खरबरीत होतं, तिचा हात सोलला. मी तिचे दोन्ही हात धरले. मग तिनं डोकं खाली टेकवलं. तान्ह्या मुलानं आईच्या छातीवर टेकवावं तसं, एका गालावर.

"मामा," ती म्हणाली. एवढ्या हळू की मला वाकून ऐकावं लागलं. "एकदा सांगायचं होतंस रे. मी कुठं गेले असते? त्याला एक पत्र टाकलं असतं, मी आहे म्हणून. राहिले तुझ्याजवळच असते."

दुपार होईपर्यंत ती तिथून उठली नाही. त्यानंतर ती सोळा दिवस जगली.